पेजनं चुकवलेली गाडी

मी नेमकं काय काम करते, हे बाबांना समजावून सांगायचा मी सात-आठ वर्षं प्रयत्न केला. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा सांगितलं, मी वेबसाइट बनवते. ते म्हणाले, "मंग दाखव." मी त्यांना परदेशातल्या एका हॉटेलवाल्याची साइट दाखवली. खोली निवडायची, तारीख निवडायची, बटण दाबायचं. बाबांनी ती खालीवर सरकवून पाहिली आणि विचारलं, "यातलं तुह्यं काय आहे?" मी म्हटलं, "हे बटण." त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "साजरं आहे," म्हणून चहा प्यायला निघून गेले.

पुढे कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली आणि मी आमच्या गावी, यवतमाळजवळच्या नेरला परत आले. वरच्या खोलीत टेबल टाकलं, खिडकीला जाळी बसवून घेतली आणि पुण्याच्या लोकांशी दिवसभर बोलू लागले. नातेवाईक विचारायचे, लग्नाचं काय. शेजारी विचारायचे, नोकरी सुटली का. बाबा काहीच विचारायचे नाहीत. ते नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांच्याच दिवसाचं काय करायचं हे त्यांना उमगत नव्हतं.

बाबा बसस्थानकावर कंट्रोलर होते. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद करायची आणि कोणती गाडी कुठे लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावरही सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात तसंच राहिलं. त्यामुळे गावातले आणि आसपासच्या खेड्यातले लोक स्टँडवर चौकशी करण्याऐवजी सरळ बाबांना फोन करायचे. बाबांचा फोन दिवसभर वाजायचा आणि बाबा फोनवर माइकसारखेच बोलायचे. माझ्या मीटिंगमध्ये एकदा बेंगळुरूच्या मुलीनं विचारलं, "हे दारव्हा दारव्हा कोण ओरडतंय?"

त्या वैतागातून मी गाड्यांच्या वेळांचं एक वेब पेज बनवलं. एका रविवारी सकाळी बाबांना समोर बसवलं आणि म्हटलं, "सांगा सगळ्या गाड्या. मी लिहून घेते."

दोन तासांत संपेल असं मला वाटलं होतं. आम्हाला तीन रविवार लागले. बाबा नुसती वेळ सांगतच नव्हते. "सव्वादहाची पांढरकवडा. नेरवरून थेट जाणारी एकच आहे, यवतमाळले वीस मिनिटं थांबते, हे लिही. सोमवारची उशिरा येते, हे बी लिही. अन् थे दुपारची दारव्हा हाय न, पावसाळ्यात फाट्यावरूनच परतते. लिहिलं काय?"

"बाबा, वेळ सांगा फक्त."

"वेळ सांगून काय होते? मानूस तिथी उभा राहीन अन् गाडी येनारच नाही. मंग तुह्या वेळेचं काय करीन थो?"

मी चरफडत लिहून घेतलं. पण पेज तयार झालं तेव्हा कळलं की तेच सगळ्यात मोलाचं होतं. प्रत्येक गाडीखाली बाबांची एक ओळ होती. अक्षरं मोठी ठेवली, रंग दोनच ठेवले. सगळ्यात वर ठळक अक्षरांत एकच गोष्ट: अमुक गावाकडे पुढची गाडी किती वेळात आहे. घड्याळातली वेळ मुद्दाम खाली, बारीक अक्षरांत दिली, कारण बाबांचं म्हणणं होतं की स्टँडवर धावत आलेला माणूस कधीच "किती वाजता" असं विचारत नाही. तो विचारतो, "वेळ आहे काय?"

पेज सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी मी आईसाठी औषध आणायला निघाले होते. स्टँडसमोर रसवंतीच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर लहान लेकरू. तिनं फोन काढला, काहीतरी दाबलं, आणि मला माझे दोन रंग दिसले. माझं पेज! तिनं ते पाहिलं, फोन कमरेला खोचला, लेकराला म्हणाली, "पंधरा मिनिटं हायेत, बैस निवांत," आणि रसाचा ग्लास मागवला.

मी तिथंच उभी राहिले. सात वर्षांत माझी बटणं किती लोकांनी दाबली असतील कोण जाणे, पण दाबणारा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. तिला जाऊन सांगावंसं वाटलं की बाई, ते मी केलंय. सांगितलं नाही. औषध न घेताच घरी आले आणि आईला मिठी मारली. आई म्हणाली, "गोळ्या कुठं हायेत?"

बाबांना सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत. "मले माहीत आहे. मी रोजच पायतो तिथी." ते रोज सकाळी चहाला स्टँडवर जायचेच. जुने ड्रायव्हर-कंडक्टर भेटत, गप्पा होत. आता ते तिथं माझ्या पेजचा प्रचार करू लागले होते. लोकांचे फोन हातात घेऊन स्वतः पेज उघडून द्यायचे. "हे पाय. माह्या पोरीनं केलं."

माझं काम त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. मी हवेत होते. कंपनीचं काम उरकलं की पेजवर बसायची. हे जोडू, ते जोडू. आणि त्याच उत्साहात मी घोळ घातला.

झालं असं की पेज वापरणारे वाढले तसं ते जुन्या मोबाइलवर फार हळू उघडायला लागलं. बाबांनीच तक्रार आणली होती, "गाडी येऊन जाते, तरी तुह्यं चाक फिरतच राह्यते." म्हणून मी एका संध्याकाळी पेज नव्या सर्व्हरवर, म्हणजे जिथून ते लोकांच्या फोनवर जातं त्या कॉम्प्युटरवर, हलवलं. पुढच्या गाडीला किती वेळ आहे हा हिशेब आधी ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर व्हायचा, तो आता सर्व्हरच करून पाठवणार होता. पेज झटक्यात उघडू लागलं. मी माझ्या फोनवर पाहिलं, आईच्या फोनवर पाहिलं. यवतमाळकडे पुढची गाडी वीस मिनिटांत, असं दिसलं. छान. मी खूश होऊन लॅपटॉप मिटला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्या मीटिंगमध्ये होते. अकराला पंधरा-वीस मिनिटं कमी असतील. बाबांचा फोन आला. मी कापला. लगेच परत आला. बाबा असं कधी करत नाहीत.

"खाली ये. स्टँडवर ये. आत्ता." त्यांचा आवाज माइकवरचा नव्हता, हळू होता, त्यानंच मी घाबरले. "तुह्या पेजनं एका पोरीची गाडी चुकवली."

मीटिंगमधल्या लोकांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक "प्रॉडक्शनमध्ये अडचण आहे," असं म्हटलं. त्यांना वाटलं असेल कंपनीच्या चालू साइटचं काहीतरी. सवयीनं लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली आणि चपला पायात कशाबशा घालून पळाले. स्टँड आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

फलाटावर बाबा उभे होते. त्यांच्याजवळ तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी, पांढऱ्या ओढणीत, आणि तिची माय. पायाशी पत्र्याची पेटी, दोरीनं बांधलेली गादी, बादलीत कोंबलेली भांडी. माय रडत होती. मुलगी रडत नव्हती. ती फोनच्या पडद्याकडे पाहत होती, मी पुढे गेल्यावर तिनं तो माझ्यासमोर धरला.

"मॅडम, यात एक तास पंधरा मिनिटं दाखवलं होतं. पावणेदहाले पायलं मी. म्हटलं गाडी लेट असंल. मावशीकडे गेलो चहाले. आता आलो तं गाडी गेलती."

तिला सव्वादहाची पांढरकवडा हवी होती. झरी जामणीकडच्या एका गावात, आरोग्य केंद्रात तिला नर्स म्हणून घेतलं होतं, आणि आज पाचच्या आत हजर व्हायचं होतं. पहिली नोकरी. पांढरकवड्याहून पुढे तिला दुपारची गाडी धरायची होती. ती गेली की त्या गावाला जायला काही नाही.

"मी मामाले विचारलं होतं, थो म्हणे स्टँडवर जाऊन बस," ती म्हणाली. "मीच म्हटलं, कायले तास-तास बसायचं. पेज आहे न."

हे ती मला दोष द्यायला बोलत नव्हती, स्वतःलाच बोलत होती. ते मला जास्त लागलं.

मी तिचा फोन हातात घेतला. पांढरकवड्याची गाडी यवतमाळवरूनच जाते, म्हणून तिनं यवतमाळच निवडलं होतं. आता पेज सांगत होतं, यवतमाळकडे पुढची गाडी पंधरा मिनिटांत. मी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटांत कोणतीच गाडी नव्हती. पहाटेची साडेपाचची गाडी, ती मोजत होतं माझं पेज. सर्व्हरच्या लेखी अजून सूर्य उगवायचा होता. तो परदेशातल्या घड्याळानं चालत होता, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी त्याला आपली वेळ लाव म्हणून सांगायलाच विसरले होते. पहिल्या वर्षाला शिकणारी पोरं करतात ती चूक. सकाळी कामाला जाणाऱ्यांना गाड्या तोंडपाठ असतात, ते पेज बघतच नाहीत, म्हणून इतका वेळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबा, यवतमाळले फोन करा न," मी म्हटलं. "तिथले कंट्रोलर तुमच्याच हाताखाली शिकले. गाडी दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवतीन थे."

"नाई."

"बाबा, चूक माही आहे. तिची नाही."

"हो तुह्यीच आहे. पण गाडीत पन्नास जण बसले हायेत. त्याईची बी कोणाची पुढची गाडी असंल, कोणाचं कोर्ट असंल, कोणाचा दवाखाना असंल. मी आजपर्यंत कोणासाठी गाडी धरली नाही. आमदारासाठी बी नाही." ते मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. "आज सोमवार. उशिरा आली, दहा-वीसले सुटली. मी होतो इथंच. यवतमाळले अकरा-दहाच्या आत पोचत नाही. वीस मिनिटं थांबीन. म्हंजे अकरा-तीस. आता दहा-पन्नास." आणि मग एकदम त्यांचा माइकचा आवाज परत आला. "गाडी धरायची नाही, गाठायची! चाल!"

स्टँडच्या मागच्या अंगाला चाचांचं गॅरेज. चाचा आणि बाबा लहानपणापासूनचे दोस्त. चाचा एका गिऱ्हाइकाच्या जीपखालून बाहेर येत होते, हात ग्रीसनं काळे.

"ही चालते काय?" बाबांनी विचारलं.

"क्लच प्लेट बदलली आत्ताच. ट्रायल बाकी आहे."

"यवतमाळपर्यंत ट्रायल घे."

चाचांनी माझ्याकडे, मुलीकडे, पेटीकडे, रडणाऱ्या मायकडे एकदा पाहिलं. गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाले, "भाई, तुमची गाडी जरा लंबी ट्रायलवर नेतो, डिझल माझं," आणि फोन ठेवून हात पुसत गाडीत चढले. "बैठो बेटा, सब बैठो!"

पेटी मागे, गादी पेटीवर, माय गादीवर. मी आणि मुलगी मधल्या सीटवर, बादली आमच्या दोघींच्या पायात. बाबा पुढे. जीप गॅरेजातून अशी उसळून निघाली की भांडी खणखणली आणि मायचं रडणं जागच्या जागी थांबलं.

तसा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही. चाचा तोंडानं "या अल्ला, या अल्ला," म्हणत गिअर टाकत होते आणि दर गिअरला खुशीत ओरडत होते, "देखो, कैसा मक्खन चल राह्यला क्लच!" बाबा एका हातानं वरची दांडी धरून, डोळे रस्त्यावर ठेवून गाडीचं गणित मांडत होते.

"आता थे अर्ध्या रस्त्याच्या फाट्यावर असंल. आज तिथी बाजार. टोपल्या चढवाले चार मिनिटं. म्हातारे उतराले दोन मिनिटं. कंडक्टर कोण आहे आज? थो उंच? थो सुट्ट्यासाठी भांडते, अजून एक मिनिट."

कापसाचे दिवस होते. समोर एक मेटॅडोर कापसानं इतका फुगलेला की अख्खा रस्ता त्यानंच भरला. चाचांनी हॉर्न धरून ठेवला. मेटॅडोर सरकेना. मुलीनं माझा हात पकडला. तिला कळलं नाही बहुतेक, किंवा कळलं असेल. मी म्हटलं, "भेटते गाडी." मला मनातून अजिबात खात्री नव्हती.

"डावीकडून घे," बाबा म्हणाले.

"डावीकडे खड्डा हाय भाऊ."

"खड्डा पुढच्या झाडापाशी आहे. त्याच्या आधी घे. मले रोज ड्रायव्हर सांगत होते, कुठी खड्डा अन् कुठी नाही."

चाचांनी घेतली. धूळ, कापसाचे तुकडे, मायचं "अगं माय माय माय," आणि आम्ही मेटॅडोरच्या पुढे. मेटॅडोरवर बसलेल्या बायका आमच्याकडे पाहून हसत होत्या. का कुणास ठाऊक, मलाही हसू आलं, मुलीलाही आलं. भीतीच्या बरोबरीनं मजा येत होती, लाज वाटावी इतकी.

यवतमाळच्या स्टँडच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा बाबांचं घड्याळ अकरा-एकतीस दाखवत होतं. आणि समोरून, त्याच फाटकातून, गाडी बाहेर पडत होती. पाटी वाचता येत होती. पांढरकवडा.

चाचांनी जीप आडवी घालायला चाक फिरवलं. बाबा ओरडले, "आडवी घालू नको! मले उतरू दे!"

थांबायच्या आतच ते उतरले. साठीचा माणूस, पायात साधी चप्पल. गाडीच्या पुढे डाव्या बाजूला, मोकळ्या जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. गाडीला हात कसा दाखवायचा हे ते लोकांना शिकवायचे, तसाच, अंग रस्त्याबाहेर ठेवून, पूर्ण हात लांब करून. ड्रायव्हरनं पाहिलं. आधी हात पाहिला, मग माणूस पाहिला, आणि ब्रेक लावला.

"साहेब? तुमी? इथी?"

"प्रवासी आहे," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "एक नर्स बाई, एक तिची माय, एक पेटी, एक गादी. जागा आहे काय?"

"जागा कायले नाही साहेब, या न."

"नसंल तं सांग."

"आहे साहेब, आहे!"

पेटी चढवायला दोन प्रवाशांनीच हात दिला. बादली मी उचलून दिली. मुलगी पायरीवर चढली, वळली, आणि सगळ्या गोंधळात मला म्हणाली, "मॅडम, तुमचं पेज लय चांगलं आहे. फक्त टाइम बरोबर दाखवला पाहिजे." अगदी मनापासून, सल्ला दिल्यासारखं. दार लागलं. मागच्या काचेतून मायनं हात जोडलेले दिसले, कोणाला ते कळलं नाही. बहुतेक चाचांना.

गाडी गेली आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. चाचा म्हणाले, "क्लच पास." बाबा कठड्यावर बसले. मी म्हटलं, "बाबा, शेवटी थांबवलीच न गाडी."

"थांबवली नाही. हात दाखवला. कोणीबी दाखवू शकते." मग चपलेवरची धूळ झटकत, "पण बरं वाटलं बाप्पा. आतून गाड्या सोडल्या आयुष्यभर. बाहेर उभं राहून हात दाखवाची मजा काही वेगळीच आहे."

मी तिथंच, स्टँडच्या बाकावर, लॅपटॉप उघडला. फोनचं इंटरनेट जोडलं. बाबा एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला वाकून पाहत होते. सर्व्हरला भारताची वेळ लावणारी ओळ लिहिली, पाठवली, पेज पुन्हा उघडलं. बाबांनी पडद्यावरची मिनिटं आणि स्टँडवरची गाडी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली. एकदा नाही, तीनदा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "किती लिहिलं तू?"

"एक ओळ."

"एकच?"

"एकच."

"आमच्या खिडकीतबी असंच राह्यते," ते म्हणाले. "एक आकडा चुकीचा बोललो तं दहा जण चुकीच्या गाडीत." मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी समोरच्या दुकानातून तीन कचोऱ्या आणल्या. आम्ही त्या उभ्यानंच खाल्ल्या, आणि मला आठवतं, मला इतकी भूक लागली होती की मी चाचांची अर्धी पण खाल्ली.

घरी आल्यावर मला वाटत होतं की झालं ते झालं, चूक दुरुस्त झाली. बाबांना ते पटलं नाही. "कालपासून जेवढ्याईनं पायलं त्याईले सांगा लागते." त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, पेजच्या अगदी वर, गाड्यांच्याही वर: काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत या पेजनं चुकीची वेळ दाखवली. चूक आमची आहे. ज्यांची गाडी चुकली त्यांची माफी मागतो. खाली बाबांनी स्वतःचं पद लिहायला लावलं, निवृत्त कंट्रोलर. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुमचं पद कशाला? ते म्हणाले, "लोकं मले ओळखतात. तुले कोण ओळखते?"

मला वाटलं आता लोक पेज सोडून देतील. उलट झालं. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा पेपरवाला बाबांना म्हणाला, चूक झाली म्हणून लिहिणारं पेज पहिल्यांदाच पाहिलं. त्या आठवड्यात पेज उघडणारे आधीपेक्षा जास्त होते. मी मात्र नवीन काही टाकायच्या आधी आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, आणि बाबांना दाखवल्याशिवाय काहीच टाकत नाही. पुण्याच्या ऑफिसात याला टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं असतात. माझा टेस्टर चहा पिता पिता कोणताही बग पकडतो.

त्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला होता, हजर झाल्याचा. चार वाजता पोचली होती. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी ती वेगळंच काही बोलत होती.

"मॅडम, इथं गाड्या दोन-तीनच हायेत. पण कोणाले माहीत नाही कधी येते. बाळंतपणाची बाई तालुक्याले न्यायची तं लोकं सकाळपासून रस्त्यावर बसून राह्यतात. इथलं पेज होत नाही काय? मी सगळ्या वेळा लिहून देतो. पण मले नेटवर्क केंद्राच्या मागच्या टेकडीवरच भेटते."

मी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास तसाच ठेवला. "लिहून पाठवलेल्या वेळा चालत नाही. जाऊन पाहा लागते. उद्या निघू."

"उद्या? बाबा, मला सुटी घ्यावी लागंल."

"घे न मंग."

मी सुटी घेतली. सव्वादहाच्या गाडीत आम्ही दोघं बसलो. बाबांनी मला आत सरकवलं आणि खिडकीची जागा स्वतः घेतली. पांढरकवड्याच्या पुढे ते कधीच गेले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर ज्या गावांची नावं त्यांनी माइकवरून घेतली त्यातली कितीतरी त्यांनी पाहिलीच नव्हती. पुढच्या गाडीत बसल्यावर रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी सागाची झाडं आली, आणि बाबांनी डायरी काढली. प्रत्येक थांब्यावर वेळ लिहीत होते. मागच्या सीटवरच्या दोन बायका आपसात कोलामीत बोलत होत्या. बाबांनी त्यांना विचारलं, या गाडीची लोकं कुठं वाट पाहतात. त्यातली एक म्हणाली, "मोठ्या मोहाच्या झाडाखाली." बाबांनी थांब्याचं नाव खोडलं आणि लिहिलं: मोठं मोहाचं झाड.

"लोकं ज्याले जे म्हणतात तेच नाव टाक," ते मला म्हणाले.

इथं नेटवर्कच नसेल तर पेज कसं उघडणार, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. एकदा टेकडीवर उघडलं की मग नेटवर्कशिवायही फोनमध्ये राहिलं पाहिजे. ते करता येतं. कसं करायचं ते माझ्या डोक्यात फिरू लागलं होतं आणि मला गाडी थांबायच्या आधीच लॅपटॉप उघडावासा वाटत होता.

उतरलो तेव्हा ती पांढऱ्या कोटात रस्त्यावरच उभी होती. सोबत गावातली दहा-बारा माणसं, दोन म्हाताऱ्या, एक गरोदर बाई. सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं की गाडीच्या वेळा लिहिणारे साहेब येणार आहेत. एक म्हातारा पुढे आला आणि त्यानं बाबांना रस्त्याच्या वळणाकडे बोट करून सांगायला सुरुवात केली, गाडी तिकडून येते तेव्हा आवाज कुठून ऐकू येतो, पाऊस असला की कुठे अडते. बाबांनी डायरीचं नवं पान उलटलं. "हळू सांगा," ते म्हणाले, "सगळं लिहून घ्यायचं आहे मले."